लढाईला उशिरा पोचणारं घराणं

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये उमराव म्हणून जन्माला येणं हे जोखमीचं काम होतं. १४५५ ते १४८७ या काळात एकाच राजवंशाच्या दोन शाखा, लँकेस्टर आणि यॉर्क, गादीसाठी एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या आणि त्या रगाड्यात भलीभली घराणी भरडली गेली. राजे बसवणारा आणि उठवणारा म्हणून गाजलेला वॉरिकचा अर्ल १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत पडला. लॉर्ड हेस्टिंग्जला १४८३च्या जूनमध्ये टॉवर ऑफ लंडनमधल्या भर बैठकीतून बाहेर नेऊन मारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बकिंगहॅमच्या ड्यूकचं मुंडकं उडालं. नॉरफकचा ड्यूक १४८५ मध्ये बॉसवर्थला कामी आला. वॉरिक ज्याचा मेहुणा होता आणि हेस्टिंग्जच्या त्या शेवटच्या बैठकीत जो स्वतः हजर होता, तो थॉमस स्टॅनली मात्र १५०४च्या जुलैमध्ये, सत्तरीच्या घरात, लेथमच्या आपल्या वाड्यात वारला. तोवर तो डर्बीचा अर्ल झाला होता आणि गादीवर त्याचा सावत्र मुलगा बसला होता.

संधिसाधू, दगाबाज, कुंपणावरचा अशी विशेषणं त्याला हवी तेवढी मिळाली आहेत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. संधिसाधू माणसं त्या काळात शेकड्यांनी होती आणि त्यांतली बहुतेक मेली. स्टॅनली टिकले, कारण लंडनच्या गादीवर कोण बसतो यापेक्षा लँकेशायरमध्ये कोणाचा शब्द चालतो, याची फिकीर त्यांनी जास्त केली.

या घराण्याचं भाग्य एका लग्नाने उघडलं. १३८५च्या सुमारास सर जॉन स्टॅनली नावाच्या धाकट्या पातीच्या पण चलाख सरदाराने लेथमच्या इझाबेलशी लग्न केलं. तिच्याबरोबर लेथम आणि नोज्ली इथली मोठी जमीन आली. घराण्याचं चिन्हही लेथमकडूनच आलं: गरुड आणि त्याच्यापाशी दुपट्यात गुंडाळलेलं मूल. लेथमच्या एका पूर्वजाला गरुडाच्या घरट्यात बाळ सापडलं, अशी त्यामागची कथा. ऑक्सफर्डमधल्या ज्या ‘ईगल अँड चाइल्ड’ पबमध्ये टॉल्किन आणि सी. एस. लुइस गप्पा मारत बसायचे, त्याचं नावही या चिन्हावरूनच आलं असं मानतात. जॉनने पुढे चौथ्या हेन्रीची बाजू घेतली. हेन्रीविरुद्ध उठलेल्या पर्सी घराण्याकडून काढून घेतलेलं आयल ऑफ मॅन हे बेट १४०५-०६ मध्ये स्टॅनलींना मिळालं. तिथे ते नुसते जहागीरदार नव्हते, ‘मॅनचे राजे’ म्हणवून घेत. आयरिश समुद्राच्या मधोमध स्वतःचं छोटं राज्य असलेलं दुसरं घराणं इंग्लंडमध्ये नव्हतं.

हे सगळं चालायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडच्या राजापाशी खडी फौज नव्हती. लढाई आली की त्याने सरदारांना पत्रं धाडायची आणि सरदारांनी आपापली माणसं घेऊन यायचं. ही माणसं सरदाराच्या कुळातली, त्याच्या पगारातली किंवा त्याच्या वशिल्याने चाकरीला लागलेली असत. अंगावर डगला त्याच्या रंगाचा आणि बिल्ला त्याचा. स्टॅनलींचा बिल्ला गरुडाच्या पंजाचा. चेशर आणि लँकेशायरचे तिरंदाज देशभर नावाजलेले होते, आणि या दोन्ही परगण्यांची न्यायव्यवस्था उरलेल्या इंग्लंडपेक्षा वेगळी, जवळजवळ स्वतंत्र होती. १४६१-६२ मध्ये थॉमस चेस्टरचा मुख्य न्यायाधीश झाला आणि धाकटा भाऊ सर विल्यम तिथला चेंबरलेन, म्हणजे वसुलीचा आणि कारभाराचा प्रमुख. खटला एका भावापुढे, पैसा दुसऱ्याच्या हातात आणि धनुष्य धरणारी माणसं दोघांची. अशा ठिकाणी राजाची सही असलेला कागदसुद्धा स्टॅनलींच्या मर्जीनेच पुढे सरकायचा. कोणताही राजा त्यांना दुखवायला का कचरत होता, ते यावरून कळतं.

या यंत्राचा पहिला नमुना १४५९ मध्ये दिसला. थॉमस तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर, वडील त्याच वर्षी वारलेले. लँकेस्टर पक्षाच्या राणी मार्गारेटने त्याला फौज घेऊन बोलावलं होतं. समोरून येत होता सॉल्झबरीचा अर्ल, यॉर्क पक्षाचा बडा सेनानी आणि थॉमसचा सासरा. २३ सप्टेंबरला स्टॅफर्डशायरमधल्या ब्लोअर हीथच्या माळावर दोन्ही सैन्यं भिडली. राणीचा सेनापती लॉर्ड ऑडली मारला गेला. थॉमस सहा मैलांवर २००० माणसं घेऊन उभा होता आणि उभाच राहिला. विल्यम मात्र भावाच्या सासऱ्याच्या फौजेतून लढला. पुढे संसदेत थॉमसवर जे आरोपपत्र आलं ते वाचताना हसू आवरत नाही. आपल्यावर संशय घेतला जातो आहे, तेव्हा आपल्याला आघाडीवर लढू द्यावं, अशी मागणी त्याने राणीकडे केली होती. आणि लढाई झाल्यावर विजयी सासऱ्याला अभिनंदनाचं पत्रही त्यानेच पाठवलं होतं. खटला भरायची मागणी राजाने मान्य केली नाही. विल्यमची जप्ती झाली, थॉमसला माफी मिळाली. एक भाऊ इकडे, एक भाऊ तिकडे, आणि वतन सहीसलामत. निजामशाही-आदिलशाहीच्या काळातल्या आपल्याकडच्या घराण्यांना हा हिशोब नवा वाटला नसता.

पण स्टॅनली नुसते वाट बघणारे होते असं म्हटलं तर हॉर्नबीचं काय करायचं? हॉर्नबी हा लँकेशायरच्या उत्तरेकडचा किल्ला, हॅरिंग्टन घराण्याचा. १४६०च्या डिसेंबरात वेकफील्डच्या लढाईत सर थॉमस हॅरिंग्टन आणि त्यांचा मुलगा जॉन, दोघेही यॉर्कसाठी लढता लढता गेले. मागे जॉनच्या दोन लहान मुली राहिल्या, ॲन आणि एलिझाबेथ. त्यांचं पालकत्व आणि लग्नं ठरवायचा हक्क थॉमस स्टॅनलीने राजाकडून मिळवला. म्हणजे मुली ज्या घरात जातील त्या घरात हॉर्नबी जाणार. मुलींचा काका जेम्स हॅरिंग्टन याने किल्ला अडवून धरला. कोर्टकचेऱ्या, हुकूम, लवाद सगळं झालं, जेम्स हलेना. १४७१ मध्ये यॉर्क पक्षाचा चौथा एडवर्ड गादी परत घ्यायला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर उतरला आणि सारा देश कोणाच्या बाजूने जायचं या विवंचनेत पडला, तेव्हा थॉमस हॉर्नबीला वेढा घालून बसला होता. आधी लगीन हॉर्नबीचं, राजाचं मग बघू! शेवटी किल्ला मिळाला आणि मुली स्टॅनलींच्या घरात आल्या. या भांडणात हॅरिंग्टनांच्या पाठीशी एक तरुण राजपुत्र उभा राहिला होता, एडवर्डचा धाकटा भाऊ, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड. १४७०च्या मार्चमध्ये तो स्वतः हॉर्नबीच्या किल्ल्यात होता. स्टॅनली हे विसरले नाहीत.

एडवर्डने वेढ्याचा राग धरला नाही. उलट थॉमसला राजवाड्याचा मुख्य कारभारी नेमलं. १४७२ मध्ये थॉमसने दुसरं लग्न केलं ते मार्गारेट ब्यूफर्टशी. ही बाई तीन तपांच्या राजकारणाचा कणा होती. तिचा एकुलता एक मुलगा हेन्री ट्यूडर, लँकेस्टर पक्षाचा उरलासुरला वारस, ब्रिटनीत परागंदा झाला होता. तिला दरबारात वजन असलेला नवरा हवा होता आणि थॉमसला तिची अफाट मालमत्ता. दोघांनाही हवं ते मिळालं.

१४८३ मध्ये एडवर्ड वारला आणि रिचर्डने पुतण्याला बाजूला सारून गादी घेतली. १३ जूनच्या त्या बैठकीत हेस्टिंग्जबरोबर थॉमसलाही पकडलं होतं. हेस्टिंग्जचं डोकं गेलं. थॉमस जेमतेम तीन आठवड्यांनी, ६ जुलैला, रिचर्डच्या राज्याभिषेकात मोठी गदा घेऊन मिरवणुकीत चालत होता आणि त्याची बायको नव्या राणीच्या झग्याचा घोळ सावरत होती. त्याच शरद ऋतूत मार्गारेट रिचर्डविरुद्धच्या बंडात सापडली. शिक्षा काय झाली? तिची मालमत्ता काढून नवऱ्याला दिली आणि तिला नजरकैदेत ठेवायचं कामही नवऱ्यालाच. रिचर्डला हे कळत नव्हतं असं नाही. वायव्य इंग्लंड हातात ठेवायला त्याच्यापाशी दुसरं कोणी नव्हतं.

७ ऑगस्ट १४८५ला हेन्री ट्यूडर वेल्समध्ये उतरला. थॉमस त्याआधीच घरी जायची परवानगी मागून लँकेशायरला गेला होता. रिचर्डने परवानगी दिली, पण थोरला मुलगा जॉर्ज ओलीस ठेवून घेतला. फौज घेऊन या असा हुकूम सुटला तेव्हा थॉमसने कळवलं की आपल्याला घामाच्या साथीने धरलं आहे. साथ त्या वर्षी खरीच होती, पण दुखणं फार सोयीच्या वेळी आलं होतं. मधल्या काळात जॉर्ज पळायला गेला, सापडला आणि काका विल्यम कटात असल्याचं कबूल करून बसला. विल्यमला राजद्रोही जाहीर केलं. थॉमसचं नाव तेवढं घेतलं गेलं नाही.

२२ ऑगस्टच्या सकाळी लेस्टरशायरमधल्या बॉसवर्थच्या मैदानावर रिचर्डची फौज, तिच्याहून बरीच लहान हेन्रीची फौज आणि या दोघांपासून अंतर राखून उभे स्टॅनली बंधू असा देखावा होता. रिचर्डने जॉर्जला मारायचा हुकूम दिला. थॉमसने आपल्याला आणखीही मुलगे आहेत असं उलट कळवल्याची दंतकथा प्रसिद्ध आहे. रिचर्डच्या माणसांनी हुकूम लांबणीवर टाकला. लढाईचा निकाल लागू दे, मग बघू, असा विचार त्यांनीही केला असावा. पोरगा वाचला. नॉरफक पडला, रिचर्डच्याच बाजूच्या नॉर्थंबरलंडच्या अर्लची फौज हललीच नाही. तेव्हा रिचर्डने निवडक घोडेस्वार घेऊन थेट हेन्रीवर चाल केली. हेन्रीचा निशाणबरदार विल्यम ब्रँडन त्या हल्ल्यात मारला गेला, रिचर्ड आता हातभरच लांब होता. नेमक्या त्या क्षणी विल्यम स्टॅनली सुमारे ३००० माणसांनिशी बाजूने घुसला. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. मरतेवेळी झालेल्या अकरा जखमांपैकी नऊ एकट्या कवटीवर होत्या. रिचर्डचा मुकुट हेन्रीच्या डोक्यावर थॉमसने ठेवला असं जुने वृत्तांत सांगतात. त्याच्या स्वतःच्या तुकडीने त्या दिवशी शस्त्र चालवलं की नाही, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वाटतं चालवलं नसावं. ते त्याच्या स्वभावात बसत नाही.

बक्षीस कोणाला मिळालं ते बघा. ज्याने उडी घेऊन हेन्रीचा जीव वाचवला तो विल्यम राजाचा चेंबरलेन झाला, पण अर्ल झाला नाही. अर्ल झाला थॉमस, ऑक्टोबर १४८५ मध्ये. दहा वर्षांनी विल्यमवर आळ आला की पर्किन वॉरबेक नावाचा तोतया खरंच एडवर्डचा मुलगा असेल तर आपण त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, असं तो बोलला. तेवढ्यावर १६ फेब्रुवारी १४९५ला त्याचा शिरच्छेद झाला. वेल्सच्या सीमेवरच्या त्याच्या होल्ट किल्ल्यात ९००० पौंडांच्या वर रोकड आणि चांदीसोनं निघालं, ते राजाच्या खजिन्यात गेलं. त्याच उन्हाळ्यात राजा लेथमला थॉमसकडे पाहुणा म्हणून गेला. भावाचा खून पचवून थॉमसने पाहुणचार केला. घराणं टिकवायची किंमत याहून वेगळी नसते.

घराण्याने पुढे आपली कीर्तीही जपली. ‘बॉसवर्थ फील्ड’ आणि ‘लेडी बेसी’ हे पोवाडे स्टॅनलींच्याच छायेत रचले गेले. त्यांत हेन्रीपेक्षा स्टॅनलींचा जयजयकार जास्त आहे. शेक्सपिअरच्या नाटकातही हेन्रीच्या हाती मुकुट देतो तो स्टॅनलीच. सतराव्या शतकातल्या यादवीत मात्र सातव्या अर्लने राजाची बाजू घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. लेथमचा वाडा १६४५ मध्ये पडला, पुढे जमीनदोस्त झाला आणि १६५१ मध्ये बोल्टनच्या भर बाजारात अर्लचा शिरच्छेद झाला.

आपला त्यांच्याशी संबंध आला तो १८५८ मध्ये. कंपनीचं राज्य संपवून हिंदुस्थान राणीच्या ताब्यात देणारा कायदा झाला तेव्हा पंतप्रधान होते चौदावे अर्ल ऑफ डर्बी आणि पहिले भारतमंत्री झाले ते त्यांचेच चिरंजीव, लॉर्ड स्टॅनली. बाराव्या अर्लचं नाव १७८० पासून एप्समच्या शर्यतीला आहे आणि तिच्यावरून मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बी धावते. मॅन बेट अठराव्या शतकात हातचं गेलं, लेथमचा वाडा मातीत गेला. इझाबेलबरोबर आलेली नोज्ली मात्र सहाशे वर्षांहून अधिक काळानंतर आजही स्टॅनलींकडेच आहे, आणि एकोणिसावे अर्ल तिथे राहतात.