पोरगं तालमीत, अख्खं घर कोल्हापुरात

सीबीएसला एसटीतून उतरून शाहूपुरीत शिरणाऱ्या गर्दीत बहुतेकांच्या पाठीला कॉलेजची सॅक असते. त्याच गर्दीत अधूनमधून एक वेगळी जोडी दिसते. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, काखेत वळकटी, कान अजून मोडलेले नाहीत (पैलवान ओळखायची पहिली खूण तीच). मागं वडील, एका हातात तुपाचा डबा, दुसऱ्यात बदामाची पिशवी. पोरगं तालमीत राहायला चाललंय. आपण म्हणतो, ‘त्यानं कुस्ती धरली’. खरं तर त्या दिवसापासून त्याच्या सगळ्या घराचंच वेळापत्रक बदललेलं असतं.

हिशोब साधा आहे. पैलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण, फळं. तालीम झोपायला जागा देते, हौद्यातली लाल माती देते, वस्तादांची नजर देते. खुराक मात्र घरातून यायचा. म्हणजे घरच्या म्हशीचं दूध डेअरीला कमी जाणार, बहिणीच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर जाणार, आणि गावच्या जत्रेच्या मैदानात पोराला कितीची कुस्ती मिळाली यावर आईचं किराणा सामान ठरणार. क्रिकेट अकॅडमीची फी ऐकून आपण डोळे मोठे करतो. तालमीतल्या पोराचा महिन्याचा खर्च कुणी विचारतच नाही, कारण तो पावतीवर येत नाही.

पण याची दुसरी बाजू मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. पोराच्या मागं मागं घरच्यांना एक नवीन गाव मिळतं. पहाटे चारच्या आधी उठून जोर-बैठका, मग लढती, मग आंघोळ, मग मारुतीला नमस्कार आणि स्वयंपाकाची पाळी, असा दिवस एकत्र काढणाऱ्या पोरांत कोण सांगलीचा, कोण सोलापूरचा, कोण सीमाभागातला हे महिन्याभरात विसरायला होतं. आणि घरच्यांचंही तसंच. रविवारी डबा घेऊन आलेले वडील आपल्या पोराला बघायला येतात आणि दुसऱ्याच्या पोराचं दुखणं विचारून जातात. एकाच्या घरचं तूप दहा जणांच्या भाकरीवर पडतं. एकाच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढायला सगळी तालीम हजर असते.

शाहूपुरीत हे घडावं यात आश्चर्य नाही. ही पेठच मुळात बाहेरून येणाऱ्यांसाठी वसली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये इथं गुळाची बाजारपेठ सुरू केली आणि व्यापाऱ्यांना बोलावून आणलं. १९०१ पासून शहरात एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं निघाली, ती खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा हवी म्हणून. १९०२ मध्ये युरोपच्या दौऱ्यात महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. बोर्डिंग काय, तालीम काय, दोन्हीकडं विचार एकच दिसतो. पोरगं हुशार असो की ताकदीचं, त्याचं गाव लहान आहे म्हणून त्यानं तिथंच थांबू नये.

श्रीपती खंचनाळे याच शाहूपुरी तालमीचे. मूळ गाव एकसंबे, चिकोडी तालुका, बेळगाव जिल्हा. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून खंचनाळे देशाचे पहिले हिंद केसरी झाले. म्हणजे नकाशात गाव दुसऱ्या राज्यात, आणि गदा आली कोल्हापुरात! सीमावादावर आपण कॉलेजच्या कट्ट्यावर तासन् तास भांडतो. लाल मातीनं तो प्रश्न विचारलाच नव्हता. खंचनाळे पुढं कोल्हापूरचेच होऊन राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये इथंच गेले.

ते एकटे नव्हेत. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर मोतीबाग तालमीत आले, १९६० मध्ये हिंद केसरी झाले, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला गेले आणि नंतर इथंच वस्ताद म्हणून पुढच्या पिढ्या घडवत राहिले. दीनानाथ सिंह तर थेट उत्तर प्रदेशातून आलेलं घराणं. ते १९६६ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि त्यांना परका म्हणायची आज कोल्हापुरात कुणाची छाती नाही.

कॉलेजवाल्यांसाठी मात्र सगळ्यात भारी गोष्ट खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचं पोरगं, वडील स्वतः पैलवान, शिकायला राजाराम कॉलेजात. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्यातल्या कुणाचे प्राचार्य असं करतील, हा प्रश्न मी विचारत नाही, आमची अजून इंटर्नल मार्कं बाकी आहेत. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात १०१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्यातून आलेल्या पैशातून सरांचं घर सोडवायला हातभार लावला. मिरवणूक सगळ्यांना आठवते. मला हे मैदान जास्त मोठं वाटतं.

पण गदा किती जणांना मिळते? माझा मामेभाऊ शिरोळ तालुक्यातून शहरातल्या एका तालमीत आला होता. सहा वर्षं काढली. गुडघा गेला आणि एकविसाव्या वर्षी कुस्ती संपली. कुठल्या केसरीच्या यादीत त्याचं नाव नाही, मामाचे किती पैसे गेले ते मामा सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात मामाचं घर छपरापर्यंत पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर दारात पहिला टेम्पो आला तो तालमीतल्या पोरांचा. बारा जण, फावडी घेऊन. दोन दिवसांत घरातला आणि गोठ्यातला गाळ त्यांनी काढला, शेजारच्या तीन घरांतलाही काढला. मामी त्यांच्यासाठी चुलीवर भाकऱ्या थापत होती आणि पीठ पण पोरांनीच आणलेलं. मामेभाऊ आता दुधाचा धंदा करतो. मामा अजूनही महिन्यातून एकदा त्या तालमीत जातो. तिथं त्याचं पोरगं नाही, पण कुणाचं तरी असतंच. किटली रिकामी करून परत येतो.

यात एक गोष्ट मला खटकते, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं ज्या तालमीत घडतं, तिथं पिढ्यान् पिढ्या मुलींना आत येऊ दिलं जात नव्हतं. मुलीनं कुस्ती धरली तर तिच्या घरच्यांना असं आयतं गाव मिळत नव्हतं. वळकटी कुठं टाकायची इथून सुरुवात. आता कागल तालुक्यात मुरगूडच्या कुस्ती संकुलात मुली मॅटवर घाम गाळतात आणि त्यांच्या मागं त्यांची घरं धावतात. इथं फरक एवढाच की डबा घेऊन येणाऱ्यांत आयाही असतात. वडिलांसारख्या त्या कट्ट्यावर बसून राहत नाहीत. मॅटच्या कडेला उभ्या राहतात, पोरीला पट काढताना बघतात, आणि शेजारच्या बाईला विचारतात, ‘तुमचीचं वजन कितीत?’ वजनगट एक असला तर त्या क्षणी जरा गप्प होतात. मग पुन्हा बोलायला लागतात, कारण परतीची एसटी दोघींची एकच असते.