परभणी ते पुणे: घर हलवा, पण धंदा रस्त्यात सांडू नका!



समजा, जिंतूरला तुमचं शिलाईचं दुकान आहे. दोन मशीन, एक पिको मशीन, थोडा कापडाचा स्टॉक. मुलांच्या शिक्षणासाठी सगळं बिऱ्हाड पुण्याला न्यायचं ठरलंय. पहिला फोन कुणाला कराल? बहुतेक जण टेम्पोवाल्याला करतात. मी म्हणतो, आधी उधारीची वही उघडा.

कपाटाची काच फुटली तर नवीन बसवता येते. पण पुण्याहून तीनशे रुपयांची उधारी मागायला कोण येणार? येण्या-जाण्याचं एसटी भाडंच त्याहून जास्त!

दोन महिने आधी: नवीन ऑर्डर कमी करा. घेतलेले कपडे शिवून द्या. उधारी वसूल करा आणि कापडवाल्याचं आपलं देणंही फेडा. गाव सोडलं तरी नाव तिथंच राहतं. जुनं गिऱ्हाईक उद्या पुण्यातल्या नातेवाइकांना तुमचा नंबर देईल, ते याच नावावर.

एक महिना आधी: पैशाचे दोन भाग करा. एक घराचा: गाडीभाडं, नवीन घराचं डिपॉझिट, तीन महिन्यांचा किराणा आणि भाडं. दुसरा धंद्याचा. याला हात लावायचा नाही. भांडवल डिपॉझिटमध्ये गेलं, तर पुण्यात मशीन पोचेल, पण दोरा-अस्तर घ्यायला पैसा उरणार नाही. इथंच बरेच जण फसतात.

गाडी ठरवताना: पुण्याहून माल घेऊन मोंढ्यात आलेली गाडी परत रिकामी जाणार असेल, तर भाड्यात घासाघीस करता येते. मात्र हमाली, टोल, जिना चढवणं हे भाड्यात धरलंय का, ते आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

सामान भरताना: घरचं आणि दुकानचं, दोन वेगळ्या याद्या करा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. दुकानाच्या मालाचं तसं नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि माल १ लाखाच्या वर असेल, तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल लागतं. विक्री नसली तरी सोबत डिलिव्हरी चलन ठेवा. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत टाकू नका. एजन्सीत जमा करा, व्हाउचर आणि डिपॉझिट परत घ्या.

कागदपत्रं: पुण्यातल्या घराचा भाडेकरार नोंदणीकृतच करा. पुढचे बरेच पत्ते त्यावरच बदलतात. जीएसटीतला पत्ता १५ दिवसांत बदलायला टाका. राज्य तेच असल्यानं नंबर तोच राहतो. उद्यमवरचा पत्ताही अपडेट करा. गाडीचा एमएच २२ नंबर बदलत नाही, पण पत्ताबदल ३० दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. मुलांच्या शाळेचा दाखला आठवणीनं घ्या. रेशनकार्ड टाकून देऊ नका. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे धान्य पुण्यातही मिळू शकतं.

निघायच्या दिवशी मशीनच्या सुया, बॉबिन, कात्री, मापाची वही एका पिशवीत भरा. ती टेम्पोत नाही, तुमच्या मांडीवर! भांडी लागायला आठवडा लागू दे, पहिला ब्लाउज तिसऱ्या दिवशी शिवून झाला पाहिजे.

आज रात्री एवढंच करा: वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे येणं, उजवीकडे देणं. बिऱ्हाड हलवायची तयारी इथून सुरू होते.