वाँटेजचे कुंड आणि पुण्याची पंडिता

गुरुवार पेठेतले पंचहौद मिशन मराठी वाचकाला ठाऊक असते ते एका चहामुळे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तिथे झालेल्या चहापानाला रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी गेली, गोपाळराव जोशांनी ती नावे ‘पुणे वैभव’मधून जाहीर करवली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. पण त्या चहाच्या सात वर्षे आधी, पुण्यातूनच गेलेल्या एका विदुषीने याच मिशनशी संबंधित सिस्टरांच्या मूळ गावी बाप्तिस्मा घेतला होता. त्या पाण्याची गोष्ट चहाइतकी सांगितली जात नाही.

हे गाव म्हणजे इंग्लंडमधले वाँटेज. तेव्हा ते बर्कशायरमध्ये होते, आज ऑक्सफर्डशायरमध्ये आहे. राजा आल्फ्रेडचे जन्मगाव ही त्याची जुनी ओळख. बाजारचौकात १८७७ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. जवळच सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या नावाचे पॅरिश चर्च आहे. त्याचा जुना भाग तेराव्या शतकातला, आत चौदाव्या शतकातल्या फिट्झवॉरिन घराण्याच्या समाधीमूर्ती. विल्यम बटलर १८४६ मध्ये इथले धर्मगुरू झाले. दोनच वर्षांत त्यांनी सेंट मेरी द व्हर्जिन हा सिस्टरांचा संघ स्थापन केला. पुढे वास्तुविशारद जी. ई. स्ट्रीट यांच्याकडून चर्चचा जीर्णोद्धारही करून घेतला. या संघाच्या सिस्टर १८७७ मध्ये पुण्यात आल्या. पंचहौदचे पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये उभे राहिले.

इंग्लंडातल्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे दगडी कुंड बहुधा पश्चिमेकडे, दाराजवळ असते. बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश, म्हणून कुंडाची जागाही प्रवेशापाशी. मध्ययुगात बाप्तिस्म्याचा अधिकार सहसा पॅरिशच्या मुख्य चर्चकडे असे, त्याच्या हाताखालच्या छोट्या देवळांना तो सहजी मिळत नसे. थोडक्यात, कुंड जिथे, माणसाचे चर्च तिथे. मंतरलेले पाणी चेटुकासाठी चोरीला जाऊ नये म्हणून कुंडांना झाकण आणि कुलूप घालण्याची सक्ती १२३६ मध्ये झाली. ती करणारे कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड हे वाँटेजपासून काही मैलांवरच्या ॲबिंग्डनचे. सतराव्या शतकातल्या यादवीत प्युरिटनांनी अनेक कुंडे काढून टाकली. १६६० मध्ये राजेशाही परतली, तशी कुंडेही जागेवर आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा स्वतंत्र विधी पहिल्यांदा आला. तोवर इंग्लंडात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होई, म्हणून प्रौढांसाठी विधीची गरज फारशी पडली नव्हती. वसाहतींतल्या लोकांना धर्मात घेताना हा विधी उपयोगी पडेल, असे त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच नोंदले आहे. सव्वादोनशे वर्षांनी वाँटेजला असा प्रसंग आला.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्र्यांनी रूढी मोडून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इथेच त्यांचा वाँटेजच्या सिस्टरांशी आणि काशीचे नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेमाया गोरे यांच्याशी संबंध आला. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलम भागात सिस्टर ‘पतित’ ठरवल्या गेलेल्या स्त्रियांना आधार देत होत्या. ते काम पाहून ख्रिस्ताकडे मन वळले, असे त्यांनी पुढे लिहिले. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, संत मायकलच्या सणादिवशी, रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा बटलर यांच्या हस्ते झाला.

चर्चच्या दृष्टीने तिथे एक वाट पूर्ण झाली. रमाबाईंच्या दृष्टीने वादाला तिथूनच तोंड फुटले. त्यांची धर्ममाता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटत नव्हता आणि तो न पटताच मान डोलवायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न. पुढे इंग्लंडातल्याच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याबद्दल हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले गेले, तेव्हा त्या संतापल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच फेकलेल्या बाईला दुसऱ्या वर्गाचे जोखड मान्य नव्हते. कुंडाने त्यांना ख्रिस्ती केले, वाँटेजच्या आज्ञेतली सिस्टर मात्र केले नाही.

गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी म्हणून रमाबाई तिकडे गेल्या. परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी, चहाच्या वर्षी, ते पुण्यात हलवले. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्ये त्यावर वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. पुण्याचा राग होता बाई ख्रिस्ती झाल्या म्हणून. वाँटेजचा, ख्रिस्ती होऊनही ऐकत नाहीत म्हणून. दोन्हीकडे एकच गोष्ट सलत होती: धर्माचा निर्णय एक विधवा स्वतः घेते आहे.

दोघांनाही त्यांनी उत्तर दिले ते स्वतः उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबल मराठीत आणण्यात घालवली. इंग्रजीवर विसंबायचे नाही म्हणून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर त्याआधी पुरे झाले होते, आणि त्यावर कोणत्याही बिशपची परवानगी त्यांनी मागितली नव्हती.