खाल्लेलं अंगी का लागत नाही?

डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारनं बिदर, कलबुर्गी, यादगिरीसह सात जिल्ह्यांतल्या शाळकरी मुलांना मध्यान्ह भोजनात उकडलेलं अंडं द्यायला सुरुवात केली. अंडं नको असेल त्याला केळं. काही मठाधीशांनी विरोध केला. पुढे यादगिरीतल्या मुलांचं वजन अंडी न मिळालेल्या गदगच्या मुलांपेक्षा जास्त वाढल्याचं पाहणीत दिसलं आणि योजना राज्यभर गेली. मी अंड्याच्याच बाजूचा. पण सहाव्या वर्षी ताटात पडलेलं अंडं उशिराच येतं. औराद-भालकीकडे काय किंवा आळंदकडे काय, आजी ज्या लेकराबद्दल ‘खातंय, पण अंगी लागत नाही’ म्हणते ते जेमतेम दीड वर्षाचं असतं.

पुष्कळदा गोम आतड्याच्या अस्तरात असते. हे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचं, चार-पाच दिवसांत नवं होणारं. पेशींमधले सांधे ऑक्लुडिन, क्लॉडिन अशा प्रथिनांनी दर्जा भरल्यासारखे बुजवलेले असतात. पाणी आणि क्षार जावेत, जंतू जाऊ नयेत, एवढीच त्यांची राखण.

घातक जंतू नेमके इथंच हात घालतात. कॉलऱ्याचं विष आतड्यावर कसं काम करतं हे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशावर प्रयोग करून दाखवलं. पण त्या जंतूकडे एवढंच हत्यार नाही. त्याचं एक विकर ऑक्लुडिन कुरतडतं. शिवाय सांधे सैल करणारं आणखी एक विष अलेस्सिओ फसानो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये शोधलं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचं विष थेट क्लॉडिनलाच धरतं. ई. कोलायची एक जात पेशीला चिकटून आपली प्रथिनं आत सोडते आणि सांधे उसवते.

मग जिवाणूंच्या कवचाचे तुकडे फटींतून रक्तात उतरतात. शरीर बारीक तापल्यासारखं सतत लढत राहतं आणि वाढीला लागणारं आयजीएफ-१ हे संप्रेरक घटतं. जुलाब झालेच पाहिजेत असं नाही. म्हणून तर हा आजार घरात कुणाच्या ध्यानात येत नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी दक्षिण भारतातल्या आतड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अन्न शोषणारे बोटांसारखे उंचवटे इथं धडधाकट माणसांतही खुजे झालेले आढळत. पाकिस्तानात राहून आलेल्या अमेरिकन पीस कोअर स्वयंसेवकांची आतडी मायदेशी काही महिन्यांत सुधारली, असं १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता, पाण्यामातीचा होता.

रांगणारं मूल अंगणात काय तोंडात घालतं, हे बघायला हवं. शेळी बांधलेली, कोंबड्या फिरताहेत, विष्ठा वाळून मातीत मिसळलेली. कॅम्पिलोबॅक्टर हा कोंबड्यांच्या पोटातला जिवाणू. वेल्लोरसह आठ ठिकाणी झालेल्या ‘माल-एड’ अभ्यासात त्याची लागण झालेल्या मुलांची उंची कमी भरली आणि आतडी जास्त झिरपती आढळली. अंडं देणारी कोंबडीच ते वाया घालवायलाही हातभार लावते!

मग संडास आणि साबण दिला की काम भागेल? तसं वाटलं होतं. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल २०१८-१९ मध्ये आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, उंची मात्र तिन्ही देशांत वाढली नाही. घाण पुरेशी हटलीच नव्हती, असं बहुतेक संशोधकांचं मत पडलं. मला ते पटतं: घरात साबण आला तरी अंगण तेच राहतं, आणि नळ कोरडा पडला की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं.

आतडं झिरपतंय हे ओळखायचं तरी कसं? शहरात ‘लीकी गट’च्या (झिरपत्या आतड्याच्या) नावानं महागड्या तपासण्या आणि पुड्या खपतात. त्यातल्या झोन्युलिन हे प्रथिन मोजणाऱ्या किटवर शास्त्रज्ञांचाच भरवसा नाही. बरी चाचणी साधी आहे: लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाजायच्या आणि लघवीत किती उतरल्या ते मोजायचं. पण दीड वर्षाच्या पोराची लघवी काही तास पिशवीत गोळा करणं गावात कुणाला जमणार? अंगणवाडीत वजन आणि उंची मोजतात. काटा हलला नाही की पूरक आहार वाढवतात.