हवेवर थंड होणारे इंजिन आणि तेलाचा वाद

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीला रेडिएटरच नसतो. इंजिनाला जोडलेला मोठा पंखा सिलिंडरांवर हवेचा झोत सोडतो आणि उरलेली बरीचशी उष्णता तेल वाहून नेते. २००३ साली मेक्सिकोत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत अशा दोन कोटींहून अधिक बीटल तयार झाल्या. आपल्याकडेही हौशी मंडळींनी काही जपल्या आहेत. या मंडळींना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, इंजिनात साधे खनिज तेल घालावे की महागडे सिंथेटिक?

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट बऱ्यापैकी एका पातळीवर ठेवतो. हवेवरच्या इंजिनाचे तापमान तितके एका पातळीवर राहत नाही. मे महिन्यात घाट चढताना त्यातले तेल १२० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. तापलेल्या तेलाशी हवेतल्या ऑक्सिजनचा संयोग होतो आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की ही क्रिया साधारण दुपटीने वेगवान होते. तेल दाट होते, काळा गाळ धरू लागते. खनिज तेलात लहानमोठ्या, नाना आकारांच्या रेणूंची सरमिसळ असते. खऱ्या सिंथेटिक तेलातले रेणू रसायनशाळेत ठरवून, जवळपास एकसारखे बनवलेले असतात. म्हणून ते उष्णतेत जास्त टिकते आणि थंडीत लवकर वाहू लागते.

एवढे वाचून सिंथेटिक तेलाने इंजिन थंड राहते असे वाटेल. तसे होत नाही. उष्णता धरून ठेवण्याची दोन्ही तेलांची क्षमता जवळपास सारखीच असते. इंजिन तितकेच तापते, फक्त तेल त्या तापण्याला जास्त काळ तोंड देते.

आणि बीटलमध्ये नेमका याच टिकाऊपणाचा उपयोग थोडा आहे. तिच्यात तेल मावते जेमतेम अडीच लिटर. मूळ इंजिनात कागदी फिल्टर नाही, फक्त तारेची जाळी. काजळी, धातूचा बारीक कीस, कार्ब्युरेटरमधून आलेले न जळलेले पेट्रोल, ओलावा असे सारे तेलातच फिरत राहते. सिंथेटिक तेल ही घाण नाहीशी करत नाही. त्यामुळे तेल कोणतेही असो, पाच हजार किलोमीटरच्या आसपास ते काढावेच लागते. पंधरा हजार किलोमीटर चालणारे तेल पाच हजारांवर ओतून देण्यात कसला शहाणपणा? साध्या बीटलला चांगले खनिज तेल वेळेवर बदलणे हेच मला पटते.

पोर्शे ९११ची गोष्ट वेगळी. १९९८ पर्यंत तीही हवेवरच थंड होत असे, पण तिच्यात तेलाची स्वतंत्र टाकी, फिल्टर आणि दहा लिटरच्या आसपास तेल. शिवाय इंजिन वेगात पळणारे. तिथे सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. फिल्टर बसवून घेतलेली आणि उन्हाळ्यात लांब पल्ल्याला निघणारी बीटलही याच रांगेत येते.

खनिज की सिंथेटिक यापेक्षा डब्यावरच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. पहिली म्हणजे दाटपणा. आपल्या हवेत २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० ठीक. नव्या गाड्यांचे पातळ ०डब्ल्यू-२० या इंजिनात घालू नये. दुसरी म्हणजे जस्त आणि फॉस्फरसयुक्त संयुग. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर थेट घासतात, तिथे हे संयुग झीज रोखते. फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून पातळ तेलांत त्याचे प्रमाण मर्यादित केले आहे. थोडक्यात, डब्यावरचा सर्वांत नवा दर्जा जुन्या इंजिनासाठी सर्वांत चांगला असेलच असे नाही.

सिंथेटिक घातल्यावर गळती सुरू झाली, ही तक्रारही ऐकू येते. बहुतेकदा ऑइल सील आधीच कडक झालेले असतात आणि जुना चिकट थर धुऊन निघाला की ते उघडे पडतात. सील बदलून मगच तेल बदलावे.

हवेवर चालणाऱ्या मोटारसायकलच्या मालकांनी मात्र हे वाचून गाडीचे तेल विकत आणू नये. बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच तेलात बुडलेला असतो, तो घसरू लागेल.

तेल घरी बदलत असाल तर हातमोजे घाला. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली काही कर्करोगकारक संयुगे साठतात आणि ती त्वचेला लागू देऊ नयेत. ते गटारात न ओतता डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.