पुन्हा एकदा म्हणून दाखवा

जुन्या हुबळीत सिद्धारूढ मठाच्या आसपास घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणारी कुटुंबे आजही आहेत. बाजारहाट, शाळा, देवदर्शन, यात दोन भाषांची अडचण होत नाही. पण घरातले कुणी दवाखान्यात दाखल झाले, की होते. कन्नडमध्ये 'मूरु' म्हणजे तीन, 'आरु' म्हणजे सहा आणि 'नूरु' म्हणजे शंभर. घाईगर्दीत सिस्टरने सांगितले आणि महाराष्ट्रातून सोबतीला आलेल्या आत्याने ऐकले, तर गोळ्या तीन की सहा? पुन्हा विचारायची लाज वाटते म्हणून आपण नुसती मान डोलावतो.

ऐकण्या-सांगण्यातली ही चूक डॉक्टर मंडळींमध्येही होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. या कामाचे नेतृत्व केले डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांच्या वडिलांचे गाव विदर्भातले, उमरखेडजवळचे उटी. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी सर्वांनी थांबायचे. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कुठल्या बाजूची, हे मोठ्याने म्हणायचे. प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा बोलती झालेली सिस्टर मग "डॉक्टर, जरा थांबा" म्हणायला कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांतल्या दवाखान्यांत हे करून पाहिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

बाळंतपणासाठीही अशीच यादी झाली. २०१० साली आपल्या कर्नाटकातल्याच एका प्रसूती केंद्रात ती वापरली गेली. हात धुण्यासारख्या २९ आवश्यक कामांपैकी आधी सरासरी १० होत होती, नंतर २५ होऊ लागली. पुढे उत्तर प्रदेशात मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला. तिथे कामे सुधारली, पण मृत्यू घटले नाहीत, असे २०१७ साली दिसले. म्हणजे नुसती यादी पुरत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? सूचना ऐकायला एकच माणूस नेमा. औषधाचे नाव आणि वेळ वहीत लिहा. आकडा बोटांवर दाखवून विचारा. कोणते औषध सोसत नाही, ते आधीच सांगा. आणि शेवटी म्हणा, "सिस्टर, मला काय समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा." मोडक्या कन्नडमध्ये म्हटले तरी चालेल.