शेजार कोठें शोधावा?

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी मराठींत जुनी म्हण आहे. दगड, चुना, लांकूड आणि पैसा यांचा जो हिशेब घर बांधणाराला करावा लागतो, तो या म्हणींत आलाच आहे. परंतु घराच्या चार भिंतींबाहेर जो शेजार असतो, त्याचा हिशेब याहूनहि अवघड. परगांवीं बदली झालेला गृहस्थ पहिल्या दिवशीं भाडें विचारतो, दुसऱ्या दिवशीं पाण्याची चौकशी करतो, आणि तिसऱ्या दिवशीं हळूच विचारतो कीं, शेजारीपाजारी कोण आहेत? बहुतेकांच्या बाबतींत हा प्रश्न आवडीनिवडीचा असतो. परंतु जगांत असेहि लोक आहेत कीं, ज्यांच्या दृष्टीनें तो सुरक्षिततेचा, मानाचा आणि मुलांच्या मनःस्वास्थ्याचा असतो. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील पोर्टलंड शहरीं नोकरीधंद्यासाठीं येणारें कृष्णवर्णीय कुटुंब हें याचें एक बोलकें उदाहरण होय.

पोर्टलंड हें ऑरेगन राज्यांतील सर्वांत मोठें शहर. विलॅमेट नदीच्या दोन्ही तीरांवर तें वसलेलें असून त्याची लोकसंख्या सुमारें साडेसहा लाख आहे. गुलाबाच्या बागा, पुस्तकांचीं विस्तीर्ण दुकानें, सायकलस्वारांसाठीं राखलेले रस्ते आणि स्वच्छ दिवशीं क्षितिजावर दिसणारा माउंट हूडचा हिममंडित माथा यांमुळें तें प्रसिद्ध आहे. राजकारणांत तें उदार मतांचें म्हणून ओळखलें जातें. असें असूनहि 2020 सालच्या शिरगणतींत शहराच्या वस्तीपैकीं सुमारें दोन तृतीयांश लोक गोरे निघाले, आणि कृष्णवर्णीय लोक शंभरांत 6 च्या आसपास. साऱ्या देशांत हें प्रमाण शंभरांत 12 हून कमी नाहीं. अटलांटासारख्या शहरांत जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची आहे. तेथें वाढलेल्या माणसाला शाळेंतला शिक्षक, दवाखान्यांतला डॉक्टर, पेढीवरचा अधिकारी हे आपल्यासारखे दिसावेत यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. तोच माणूस पोर्टलंडला आला म्हणजे आपल्या केसांची जात ओळखणारा न्हावीसुद्धां त्याला शोधून काढावा लागतो.

हें प्रमाण इतकें कमी कां, याचें उत्तर हवापाण्यांत किंवा अंतरांत नाहीं. तें कायद्यांत आहे. ऑरेगनमध्यें वसाहत करणाऱ्या गोऱ्या लोकांनीं 1844 सालींच गुलामगिरीस मनाई केली; परंतु त्याच कायद्यानें मुक्त कृष्णवर्णीयांनाहि मुदतीच्या आंत प्रदेश सोडून जाण्यास फर्माविलें, आणि न जाणारांस फटक्यांची शिक्षा ठरविली. ही शिक्षा अमलांत येण्यापूर्वींच रद्द झाली; पण प्रवेशबंदीची कल्पना रद्द झाली नाहीं. 1849 सालीं नवा बंदीचा कायदा झाला, आणि 1851 सालीं जेकब व्हँडरपूल नांवाच्या व्यावसायिकास केवळ त्याच्या वर्णामुळें प्रदेशाबाहेर घालविण्यांत आलें. पुढें 1857 सालीं राज्यघटना तयार झाली, तेव्हां मतदारांनीं गुलामगिरी नाकारली आणि त्याच मतदानांत कृष्णवर्णीयांनीं राज्यांत येणें, राहणें आणि जमीनजुमला बाळगणें हेंहि नाकारलें. 1859 सालीं हें कलम अंगावर वागवीतच ऑरेगन संघराज्यांत दाखल झालें.

महाराष्ट्रांतील वाचकांस येथें एका गोष्टीचें स्मरण होणें साहजिक आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं प्रसिद्ध झालेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, नीग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. तो गौरव यथार्थच होता. परंतु त्याच वर्षीं ऑरेगनच्या राज्यघटनेंत बंदीचें कलम शाबूत होतें. देशाच्या घटनेंतील 1868 सालच्या दुरुस्तीनें तें निर्जीव झालें होतें खरें. तरी कागदावरून तें पुसलें गेलें 1926 सालीं, आणि घटनेंतील वर्णविषयक उरलीसुरली भाषा काढून टाकण्यास 2002 साल उजाडावें लागलें. त्या वेळींहि शंभरांत 29 च्या आसपास मतदारांनीं विरोधीं मत दिलें. माणसाला गुलाम करूं नये हें पटणें एक, आणि त्याला शेजारीं राहूं द्यावें हें पटणें दुसरें. या दोहोंमध्यें किती अंतर असूं शकतें, हें ऑरेगनच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

कायदा मागें पडला तेव्हां त्याची जागा दलालांनीं घेतली. 1919 सालीं पोर्टलंड येथील घरजमिनींच्या दलालांच्या मंडळानें असा नियम केला कीं, गोऱ्यांच्या वस्तींतील घर नीग्रो किंवा चिनी माणसास विकणें हें व्यवसायनीतीस सोडून आहे. या नियमाचा अर्थ काय होता, हें डॉ. डी-नॉर्व्हल अनथँक यांच्या अनुभवावरून कळतें. 1929 सालीं ते या शहरांत वैद्यकीसाठीं आले. कांहीं काळ तर साऱ्या शहरांत ते एकटेच कृष्णवर्णीय डॉक्टर होते. वेस्टमोरलँड या गोऱ्यांच्या वस्तींत त्यांनीं बिऱ्हाड केलें, तेव्हां त्यांच्या खिडक्या फोडण्यांत आल्या आणि धमक्या देण्यांत आल्या. निवांतपणें राहतां येईल अशी जागा मिळेपर्यंत त्यांना चार वेळां घर बदलावें लागलें. याच अनथँकांना 1958 सालीं राज्याच्या वैद्यकसंस्थेनें वर्षांतील श्रेष्ठ डॉक्टर म्हणून गौरविलें, आणि आज शहरांतील एक उद्यान त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

दुसऱ्या महायुद्धानें चित्र पालटलें. 1940 सालीं शहरांत कृष्णवर्णीय लोक जेमतेम दोन हजार होते. हेन्री कायझर यांच्या जहाजबांधणीच्या गोद्यांना मनुष्यबळ हवें होतें. त्यासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून माणसें आणण्यांत आलीं, आणि कांहीं वर्षांतच त्या भागांतील कृष्णवर्णीयांची संख्या 20,000 च्या घरांत गेली. गोदींत काम होतें, पण कामगारसंघांत बरोबरीचें स्थान नव्हतें. आणि राहावयास घर तर नव्हतेंच. कोलंबिया नदीच्या कांठीं सखल जमिनीवर कांहीं महिन्यांत व्हॅनपोर्ट नांवाची लांकडी घरांची नगरी उभारण्यांत आली. भरभराटीच्या काळीं तिच्यांत सुमारें 40,000 लोक राहत, आणि लोकसंख्येनें ती राज्यांतील दुसऱ्या क्रमांकाची नगरी होती. निरनिराळ्या वर्णांच्या लोकांचीं घरें प्रायः वेगळ्या रांगांत असत. परंतु मुलांच्या शाळा एकत्र होत्या.

युद्ध संपल्यावरहि ज्यांना शहरांत कोणी घर देईना, तीं कुटुंबें तेथेंच राहिलीं. 1948 सालच्या मे महिन्यांत कोलंबियेस पूर आला. 30 तारखेस सकाळीं घरोघर चिठ्ठ्या वांटण्यांत आल्या. बंधारे सुरक्षित आहेत, वेळ पडल्यास इशारा मिळेल, घाबरूं नये, असें त्यांत आश्वासन होतें. त्याच दिवशीं दुपारीं चारनंतर रेल्वेचा भराव फुटला. त्या वेळीं गांवांत सुमारें 18,500 लोक होते, आणि त्यांतील एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. निदान 15 माणसें मृत्यु पावलीं, आणि संध्याकाळपर्यंत नगरी नाहींशी झाली. त्याच मे महिन्याच्या आरंभीं, वर्णभेदावर आधारलेले घरविक्रीचे करार न्यायालयांनीं अमलांत आणूं नयेत, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला होता. पण तो निर्णय हातांत घेऊन दारोदार फिरणाऱ्या पूरग्रस्ताला प्रत्यक्षांत एकच भाग मोकळा होता: नदीच्या पूर्वतीरावरील अल्बायना.

अल्बायना ही अशा रीतीनें निवडीनें नव्हे, तर निरुपायानें वसलेली वस्ती होती. तथापि माणूस जेथें राहतो तेथें घरपण निर्माण करतो. चर्चें उभीं राहिलीं, दुकानें निघालीं, गायनवादनाचे अड्डे रंगूं लागले. 1960 च्या सुमारास शहरांतील दर पांच कृष्णवर्णीयांपैकीं चार या भागांत राहत होते. पण याच सुमारास पहार कोसळूं लागली. एका भव्य क्रीडागृहासाठीं 476 घरें पाडण्यांत आलीं, आणि त्यांतील जवळजवळ निम्मीं कृष्णवर्णीयांचीं होतीं. मागोमाग वस्ती कापीत महामार्ग गेला. 1970 नंतर एका मोठ्या रुग्णालयाच्या विस्तारासाठीं सुमारें तीनशें घरें व दुकानें जमीनदोस्त झालीं. पुढें सरकारी पैसा आटला, आणि ती जागा कित्येक वर्षें ओसाड पडून राहिली. यानंतर पेढ्यांनीं पाठ फिरविली. 1990 सालीं तेथील वृत्तपत्रानें शोध घेतला, तेव्हां अल्बायनाच्या मध्यभागीं वर्षाकाठीं घरासाठीं दिलेलीं कर्जें बोटांवर मोजण्याइतकींच निघालीं. घरें मोडकळीस आलीं, किंमती उतरल्या. आणि उतरलेल्या किंमती पाहून पुढें गोरी, सुस्थित तरुण कुटुंबें तेथें येऊं लागलीं. भाडीं चढलीं. 2000 ते 2010 या दहा वर्षांत सुमारें 10,000 अश्वेत लोक, बहुतांशीं कृष्णवर्णीय, शहराच्या मध्यभागांतून बाहेर पडले.

आज घर शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबापुढें हा सारा इतिहास नकाशाच्या रूपानें पसरलेला असतो. पहिला पर्याय अल्बायनाचा. तेथें जुनीं चर्चें अजून आहेत. 1961 सालीं मार्टिन ल्यूथर किंग यांनीं जेथें भाषण केलें तें व्हँकूवर अ‍ॅव्हेन्यूवरील चर्च त्यांपैकींच एक. रविवारीं दूरवर पांगलेलीं कुटुंबें तेथें पुन्हां एकत्र येतात. पण सोमवारीं त्याच रस्त्यावर भेटणारे शेजारी बहुधा गोरे असतात, आणि घराची किंमत सामान्य मिळकतीच्या आंवाक्याबाहेर असते. दुसरा पर्याय 82 व्या अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेकडील भागाचा. अल्बायनाहून उठलेलीं पुष्कळ कुटुंबें इकडे आणि ग्रेशम गांवाकडे गेलीं. व्हिएतनामी, रशियन, सोमाली, मेक्सिकन अशा अनेक लोकांचा येथें शेजार आहे, आणि भाडेंहि त्यामानानें कमी. परंतु कित्येक रस्त्यांना पादचाऱ्यांसाठीं फरसबंदी नाहीं, आणि कामाचें ठिकाण दूर. तिसरा पर्याय पश्चिमेकडील बीव्हर्टन आणि हिल्सबरो या उपनगरांचा. मोठ्या कंपन्या तेथें आहेत, शाळांचा लौकिक चांगला आहे, आणि संगणकाच्या धंद्यांतील भारतीय कुटुंबेंहि, त्यांत मराठीहि आलीं, तेथें पुष्कळ आहेत. कागदावर हें वैविध्य भरघोस दिसतें. पण वर्गांत दहा देशांचीं मुलें असलीं आणि कृष्णवर्णीय मूल एकच असलें, तर त्याचें एकटेपण त्या आंकड्यानें कमी होत नाहीं.

येथेंच 'वैविध्य' या शब्दाची खरी परीक्षा होते. 2020 सालीं मिनिआपोलिस येथें जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसाच्या हातून मृत्यु झाला, त्यानंतर पोर्टलंडमध्यें शंभराहून अधिक रात्री निदर्शनें चाललीं. त्यांत गोऱ्यांचा मोठा भरणा होता. कृष्णवर्णीयांच्या जीविताचें मोल सांगणारे फलक घरोघरच्या अंगणांत लागले. त्या सहानुभूतीचा खरेपणा नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि फलक लागलेल्या कित्येक घरांचे जुने रहिवासी पूर्वेकडे दहा मैलांवर भाड्याच्या खोल्यांत राहत होते, हेंहि तितकेंच खरें. सौजन्य आणि सहवास या दोन वेगळ्या वस्तु आहेत. पहिली रस्त्यावर भेटते, दुसरीसाठीं शेजारीं घर असावें लागतें.

शहरानेंहि ही चूक मानली आहे. अल्बायना परिसरांतून ज्यांची कुटुंबें उठविलीं गेलीं त्यांना सार्वजनिक साहाय्यानें बांधलेल्या घरांत अग्रहक्क देणारें धोरण 2015 च्या सुमारास सुरू झालें. परंतु त्यामुळें नवागतापुढें आणखी एक कोडें पडतें. अटलांटाहून चांगल्या पगारावर आलेला कृष्णवर्णीय अभियंता अल्बायनांतील नव्या इमारतींत भाड्यानें राहूं लागला, तर तो वस्तीचा गेलेला रंग परत आणतो, कीं भाडें चढविणाऱ्यांतच भर घालतो? त्याची आजी तेथून उठलेली नाहीं. तो अग्रहक्क त्याचा नाहीं. तरी चर्चच्या दारांतली म्हातारी त्याच्या मुलाला पाहून हंसते, तेव्हां त्या हंसण्यावर त्याचा हक्क नाहीं असें कोण म्हणेल?

म्हणून अशा शहरांत घर पाहणारास नुसती शिरगणति पुरत नाहीं. वस्तींत आज कोण राहतात यापेक्षां, काल कोण राहत होते आणि ते कां गेले, हें विचारणें अधिक उपयोगाचें. शाळेंत शिक्षक कोण आहेत, आणि आपल्यासारखीं कुटुंबें तेथें पांच वर्षें टिकलीं कीं वर्षांतच निघून गेलीं, याचीहि चौकशी करावी लागते. शेजार शोधणें हें नवागताचें काम आहे, आणि तो तें निमूटपणें करतोच. परंतु शोधलेला शेजार त्याच्या पायाखालून पुन्हां ओढून घेतला जाणार नाहीं, एवढी हमी देणें हें काम मात्र त्याचें नव्हे. तें शहराचें आहे.